खुब्यापासून करंगळीपर्यंत: वाचकांचे प्रश्न

या वेळी पायांबद्दलचेच प्रश्न इतके आलेत की म्हटलं चला, हा अख्खा भाग पायांनाच देऊन टाकू. मी अ‍ॅनॅटॉमी शिकवते, प्रॅक्टिस करत नाही, त्यामुळे कुणाचा रिपोर्ट बघून गोळी सुचवणार नाही, पण आत काय आहे आणि ते तसं का आहे हे नक्की सांगू शकते. वाचताना पायावरचं कापड गुडघ्याच्या वर घेऊन बसलात तर बरं, बरीचशी उत्तरं हाताला लागतात.

प्रश्न: मॅडम, आईचं वय 66 आहे. गुडघ्याचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले गॅप कमी झालीये. शेजारच्या काकू म्हणतात वंगण संपलं, इंजेक्शनने भरून घ्या. नक्की काय संपलंय? आणि गुडघ्यात मोकळी जागा असते का मुळात?

उत्तर: मोकळी जागा अजिबात नसते. एक्स-रेत हाड दिसतं कारण त्यात कॅल्शियम असतं, कूर्चा दिसत नाही, एवढाच तो घोळ आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि त्यांच्यामधे आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक मेनिस्कस, ज्याला पेशंट लोक गादी म्हणतात. हे सगळं फिल्मवर गायब होतं म्हणून दोन हाडांमधे काळी फट दिसते आणि तिलाच सगळे गॅप म्हणतात. गॅप कमी झाली म्हणजे ती कूर्चा झिजलीये, बरेचदा मेनिस्कसही आपल्या जागेवरून थोडा बाहेर सरकलेला असतो. फिल्म उभं राहून काढली होती ना ते मात्र विचारा, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेत पायावर वजनच नसतं आणि झिजलेला गुडघासुद्धा बरा दिसू शकतो.

आता वंगण. निरोगी गुडघ्यात हे पाणी इतकं थोडं असतं की चमचासुद्धा भरणार नाही. आणि गंमत म्हणजे झिजलेल्या गुडघ्यात ते बहुतेक वेळा कमी नाही तर जास्त होतं, फक्त पातळ होतं, म्हणून एकाच माणसाला एकजण सांगतो वंगण संपलं आणि दुसरा सांगतो गुडघ्यात पाणी झालंय. इंजेक्शनचा फायदा काहींना होतो, काहींना काहीच होत नाही, आणि अस्थितज्ज्ञांचंही त्यावर एकमत नाहीये. पण त्याने कूर्चा परत उगवते असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या.

अजून एक गोष्ट, जी आईंना सांगाच. कूर्चेला रक्तवाहिनी नसते आणि नस, म्हणजे संवेदना नेणारी नर्व्ह, तीही नसते. नस नाही म्हणजे ती स्वतः दुखत नाही, दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, आजूबाजूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), म्हणून फिल्मवर भयंकर गॅप गेलेली माणसं कधीकधी मजेत जिने चढतात आणि फिल्म चांगली असलेली माणसं रडकुंडीला येतात. रक्तवाहिनी नाही म्हणजे तिला पोषण मिळतं ते त्या थोड्याशा पाण्यातूनच, आणि ते पाणी आत-बाहेर होतं दाब पडला-सुटला की, म्हणजे हालचाल झाली की. गुडघा दुखतो म्हणून महिनोन्‌महिने बसून राहणं हा त्याच्यावर सगळ्यात वाईट उपाय आहे. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, तिथेच थोडा वेळ धरायचा, एवढ्यापासून सुरुवात होते, पुढचं फिजिओथेरपिस्ट सांगतील.

प्रश्न: सासूबाई बाथरूममधे घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सरळ बॉल बदलला. त्याच वॉर्डात दुसऱ्या आजींचंही खुब्याचंच मोडलं होतं, त्यांना फक्त रॉड आणि स्क्रू. आम्हाला वाटतंय की आमच्याकडून जास्तीचं ऑपरेशन करून घेतलं. असं होऊ शकतं का?

उत्तर: दोन्ही आजींचं "खुब्याचं" मोडलं असलं तरी बहुतेक जागा वेगळी असणार, आणि तीनचार सेंटीमीटरच्या फरकाने सगळं बदलतं.

मांडीचं हाड वर जाऊन सरळ संपत नाही. वरच्या टोकाला गोल डोकं, म्हणजे तुमचा तो बॉल, त्याखाली आडवी-तिरकी मान, आणि मान जिथे मुख्य दांड्याला मिळते तिथे दोन उंचवटे. मोठ्या माणसात मान आणि दांडा यांच्यातला कोन साधारण 125 ते 130 अंश असतो. बाहेरचा मोठा उंचवटा हाताला लागतो, कमरेच्या खाली बाजूला, पँटच्या खिशाजवळ दाबून पाय आत-बाहेर फिरवा, हाताखाली काहीतरी कडक सरकतं ना, तोच. लोक त्यालाच खुबा समजतात, पण खरा सांधा त्याच्याही आत, जांघेत खोलवर आहे.

आता रक्ताचा मुद्दा, सगळी गोष्ट इथे आहे. डोक्याला रक्त वरून जवळजवळ मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. डोक्याच्या मध्यावर एक बारीक लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) असतं, त्यातून एक छोटी धमनी येते, पण मोठ्या माणसात तिच्यावर भरवसा नाही. मुख्य पुरवठा खालून येतो, मानेला चिकटून, सांध्याच्या आवरणाच्या आतून, बारीक बारीक वाहिन्या मानेवरून वर चढत डोक्यापर्यंत जातात. मान मोडली, तुकडे सरकले, की त्या वाहिन्या तिथेच तुटतात. मग वर राहिलेलं डोकं रक्ताच्या बाबतीत एकटं पडतं, स्क्रू कितीही छान बसवला तरी ते जोडलं न जाण्याची किंवा नंतर सुकून बसण्याची मोठी शक्यता असते, आणि त्या वयात दुसऱ्यांदा ऑपरेशन कुणालाच नको असतं. म्हणून वयस्कर माणसात मान मोडून सरकली असेल तर बॉलच बदलतात. तरुण माणसात मात्र तेच फ्रॅक्चर असेल तर डोकं वाचवायचा प्रयत्न आधी होतो.

दुसऱ्या आजींचं मोडलं असणार त्या दोन उंचवट्यांच्या मधून. तो भाग आवरणाच्या बाहेर आहे, आतून जाळीदार, रक्ताने भरलेला, तिथलं हाड जुळतं, फक्त नीट जागेवर धरून ठेवावं लागतं, म्हणून रॉड-स्क्रू. डिस्चार्ज कार्ड काढून बघा, तुमच्याकडे "नेक फीमर" असं काहीतरी लिहिलेलं असेल आणि त्यांच्याकडे "इंटरट्रोकँटरिक". तसं असेल तर शंका काढून टाका. आणि दोघींनाही लवकर ऑपरेशन करून उठवून बसवण्यामागचं कारण एकच, अंथरुणात पडून राहिलं की फुप्फुसं, पाठीवरच्या जखमा आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्या जीवावर येतात.

प्रश्न: वडिलांचा उजवा खुबा दुखतो. काठी घेतलीये पण ते हट्टाने उजव्याच हातात धरतात, म्हणतात दुखतंय तिकडेच आधार पाहिजे ना. बरोबर आहे का?

उत्तर: चूक. डाव्या हातात द्या. सिनेमावाल्यांनी सुद्धा हे चुकीचंच दाखवून ठेवलंय.

हिशोब सांगते म्हणजे वडिलांना पटेल. समजा वजन 60 किलो. चालताना एक पाय उचलला की उरलेलं सगळं शरीर, म्हणजे टेकलेला पाय सोडून साधारण 50 किलो, त्या एका खुब्याच्या आतल्या बाजूला लोंबकळतं. कंबर त्या बाजूला पडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढून धरतात. पण स्नायूंचं अंतर सांध्यापासून कमी आणि शरीराच्या वजनाचं अंतर त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे स्नायूंना 100 किलोच्या आसपास ओढावं लागतं. सांध्यावर पडतात दोन्ही, 50 आणि 100, झाले 150. साध्या चालण्यात वजनाच्या अडीचपट! आता काठी डाव्या हातात असेल तर ती उजव्या खुब्यापासून लांब आहे, लांबून थोडंसं टेकलं तरी स्नायूंचं ओढणं भरपूर कमी होतं. उजव्या हातात धरली तर ती सांध्याच्या अगदी जवळ येते आणि माणूस वर त्याच बाजूला झुकून चालायला लागतो. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाकायचे. उंची अशी की हात सोडून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी.

प्रश्न: मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एका पायातली हाडं एका पुस्तकात 30, दुसऱ्यात 31, आणि मैत्रीण म्हणते 26. परीक्षेत काय लिहू?

उत्तर: तिघंही बरोबर आहेत, मोजायला कुठून सुरुवात केली त्याचा फरक आहे. 26 फक्त पावलातली: घोट्या-टाचेच्या भागात 7, चवड्यात 5, बोटांत 14. त्यात फीमर (मांडीचं हाड), टिबिया (नडगीचं जाड हाड), फिब्युला (तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) आणि गुडघ्याची वाटी मिळवली की 30. कमरेचं हाडही धरलं तर 31. कमरेचं हाड म्हणजे खरं तर लहानपणी तीन तुकडे असतात, इलियम, इस्कियम आणि प्युबिस, ते खुब्याच्या वाटीत एकत्र येतात आणि वयात येताना सांधून एक होतात. उत्तरात कमरेचं हाड धरलंय की नाही ते लिहून टाक, मग मार्क कापायला जागा उरत नाही. दोन पावलं मिळून 52 हाडं, म्हणजे शरीरातल्या 206 पैकी चौथा हिस्सा पावलातच, हे मात्र लक्षात ठेव, तोंडी परीक्षेत विचारायची हौस असते बऱ्याच जणांना.

प्रश्न: मुलगा 12 वर्षांचा, वजन जरा जास्तच आहे. तीन आठवडे गुडघा दुखतोय, थोडा लंगडतो. डॉक्टरांनी गुडघा सोडून खुब्याचा एक्स-रे सांगितला. एक्स-रे काढायचाच की दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं?

उत्तर: काढायचा, आणि आजच काढायचा. खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा एकच आहेत, त्यामुळे खुब्यातला बिघाड गुडघ्यात दुखतो, आणि मुलं हमखास गुडघ्यावरच हात ठेवतात. या वयात मांडीच्या हाडाचं डोकं आणि मान यांच्यामधे वाढीची पट्टी अजून कच्ची असते आणि काही मुलांत, विशेषतः वजन जास्त असलेल्या, डोकं त्या पट्टीवरून सरकतं. लंगडणं, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून चालणं, आणि मांडी पोटाकडे घेतली की गुडघा आपोआप बाहेर जाणं, ही त्याची चिन्हं. एक्स-रे होईपर्यंत त्याला त्या पायावर भार देऊ देऊ नका, शाळा-खेळ सगळं बंद. काही नाही निघालं तर उत्तमच. तुमच्या डॉक्टरांनी योग्य विचार केलाय, त्यांना सोडू नका.

प्रश्न: भावाच्या जबड्याचं ऑपरेशन आहे, जबड्याचा भाग काढून तिथे पायातलं हाड लावणार म्हणतात. पायातलं हाड काढल्यावर तो चालणार कसा?

उत्तर: चालेल. काढतात ते फिब्युला, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला असतं ते बारीक हाड. गुडघ्याच्या सांध्यात ते येतच नाही, शरीराचं बहुतेक वजन नडगीचं जाड हाड, टिबिया, एकटंच खाली नेतं. फिब्युला मुख्यतः स्नायूंना धरायला जागा देतं आणि खाली घोट्याची बाहेरची भिंत बनवतं. ही भिंत मात्र लागतेच, म्हणून खालचा सहा-सात सेंटीमीटरचा तुकडा तसाच ठेवतात.

वरचा थोडा भागही ठेवतात. कारण बघायचं असेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक गोल गाठ चाचपा, ते फिब्युलाचं डोकं. त्याच्या लगेच खाली हाडाला वळसा घालून एक नस जाते, पाऊल वर उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात, आणि तिच्यावर कातडीशिवाय फारसं काही नाही. एका पायावर पाय टाकून खूप वेळ बसल्यावर पावलाला मुंग्या येतात त्यात बरेचदा हिचा हात असतो, प्लॅस्टर तिथे घट्ट झालं तर पाऊल लोंबकळायला लागतं. म्हणून सर्जन तिथून लांब राहतात. हाडाबरोबर त्याची रक्तवाहिनीही घेतात आणि मानेतल्या वाहिनीला जोडतात, त्यामुळे ते हाड नव्या जागी जिवंत राहतं. आधी पायातल्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून घेतली का तेवढं विचारा. ऑपरेशननंतर पायाचा अंगठा खाली दाबायची ताकद काहींची कमी होते, कारण तो स्नायू फिब्युलावरूनच निघतो, पण चालणं थांबत नाही.

प्रश्न: माझा घोटा वर्षातून दोनदातीनदा मुरगळतो, सपाट जमिनीवर सुद्धा. दर वेळी पाऊल आतच वळतं, बाहेर कधीच नाही. असं का? आणि दर वेळी एक्स-रे काढायचा का?

उत्तर: दोन्ही हातांची बोटं घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांवर ठेवा. हे एकाच हाडाचे दोन कान नाहीत, आतला टिबियाचा आणि बाहेरचा फिब्युलाचा. आता नीट बघा, बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा साधारण एक सेंटीमीटर खाली उतरलेला आहे आणि जरा मागेही आहे. म्हणजे बाहेरची भिंत उंच, आतली ठेंगणी. पाऊल बाहेर वळायला लागलं की ती लांब भिंत अडवते. शिवाय आतल्या बाजूचं लिगामेंट जाड आणि पंख्यासारखं पसरलेलं असतं, इतकं दणकट की कधीकधी ते तुटायच्या आधी हाडाचा तुकडाच उपटून येतो. बाहेरच्या बाजूला त्याऐवजी तीन सुटी, बारीक लिगामेंटं आहेत, आणि सगळ्यात पुढचं सगळ्यात कमकुवत.

या दोन भिंतींच्या मधे बसतं टॅलस. मजेशीर हाड आहे, त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही, आणि ते पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल वर उचललं की रुंद भाग भिंतींमधे घट्ट अडकतो. पण टाच वर आणि चवडा खाली, म्हणजे जिना उतरताना, उडी मारून खाली येताना, उंच टाचेच्या चपलेत, अरुंद भाग मधे येतो आणि सांधा ढिला पडतो. नेमक्या त्याच स्थितीत पाऊल आत वळलं की पुढचं ते बारीक लिगामेंट पहिलं जातं. घोट्याच्या बाहेरच्या हाडापुढे अंड्याएवढी सूज येते ती तिथलीच.

वारंवार मुरगळण्याचं कारण मात्र फक्त ढिलं लिगामेंट नसतं. लिगामेंटमधे पाऊल कुठल्या कोनात आहे हे कळवणाऱ्या नसांची टोकं असतात, पहिल्या दुखापतीत ती खबर यायचीच बिघडते आणि स्नायू उशिरा जागे होतात. त्यावर व्यायाम आहे आणि तो फुकट आहे: भिंतीजवळ एका पायावर उभं राहा, जमलं की डोळे मिटून. हसू नका, डोळे मिटल्यावर कळेल किती अवघड आहे ते. लोक पट्टा बांधतात, सूज उतरली की विसरतात आणि हे करतच नाहीत, मग परत मुरगळतो.

एक्स-रेबद्दल डॉक्टर लोक 1992 पासून ओटावा नियम म्हणून एक साधी तपासणी वापरतात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांचं टोक किंवा मागची कड, खालून वर 6 सेंटीमीटरपर्यंत, यातलं कुठलंही हाड दाबून दुखलं, किंवा लगेच आणि तपासताना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. पावलासाठी अजून दोन जागा बघतात, करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर येणारा उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं नॅव्हिक्युलर हाड. यातलं काही नसेल तर फ्रॅक्चर असायची शक्यता फार कमी. लहान मुलं, दारू घेतलेला माणूस, पायाची संवेदना कमी झालेले डायबेटिसचे पेशंट, यांना हा नियम घरी लावत बसू नका.

प्रश्न: बाळाला जन्मतः गुडघ्याची वाटीच नसते हे खरं का?

उत्तर: असते, पण कूर्चेची, म्हणून एक्स-रेत दिसत नाही. तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिचं हाड व्हायला लागतं. काही जणांत वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातला तुकडा वेगळाच राहतो आणि मोठेपणी पडल्यावर एक्स-रे काढला की फ्रॅक्चर झालं म्हणून घाबरगुंडी उडते. त्याची कड गुळगुळीत असते, ताज्या फ्रॅक्चरची नसते.

प्रश्न: मुलगी चार वर्षांची, तळपाय एकदम सपाट आहेत, ओल्या पायाचा पूर्ण ठसा उमटतो. शिवाय उभी राहिली की गुडघे एकमेकांना लागतात. स्पेशल बूट घ्यावेत का?

उत्तर: तिला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. कमान दिसली? मग बूट नकोत. या वयात तळव्यात चरबी भरलेली असते आणि लिगामेंटं सैल असतात, कमान पुढच्या काही वर्षांत आपली आपण तयार होते. चवड्यांवर उभी राहूनही पाऊल सपाट आणि ताठच राहत असेल, किंवा पाय दुखत असतील, तर दाखवा. गुडघ्यांचं म्हणाल तर मुलं दोन वर्षांपर्यंत धनुष्यासारखे पाय घेऊन फिरतात, मग तीन-चारला उलटं होऊन गुडघे आत येतात, आणि सातच्या आसपास बहुतेकांचे सरळ होतात. एकाच पायाचा गुडघा आत असेल किंवा दर वर्षी वाढत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबू नका.

प्रश्न: पावलाच्या एक्स-रेत माझ्या करंगळीला दोनच हाडं दिसतात, मित्राला तीन. शिवाय अंगठ्याखाली दोन गोल दाणे दिसतात. काही रोग आहे का?

उत्तर: रोग नाही. अंगठ्याला दोन आणि बाकीच्या बोटांना तीन हाडं हा पुस्तकातला हिशोब, पण करंगळीची शेवटची दोन हाडं जोडलेली असणं खूप लोकांत दिसतं. अंगठ्याखालचे दोन दाणे तर जवळजवळ सगळ्यांनाच असतात, कंडरेत बसलेली छोटी हाडं आहेत ती, चालताना चवड्यावर पडणारा भार झेलतात आणि अंगठ्याच्या दुसऱ्या एका कंडरेला दोघांच्या मधून वाट देतात. तिथे दाबल्यावर दुखत असेल, खास करून पळणाऱ्या किंवा नाचणाऱ्या माणसाला, तरच दाखवायचं.